पाहिजे: जागा, शेजार वैविध्यपूर्ण

मुंबईत पोट भरायला आलेल्या माणसाने राहायची जागा कधी निवडली नाही. गावाहून निघतानाच त्याच्या खिशात एक पत्ता असायचा आणि त्या पत्त्यावर गावचा कोणीतरी आधीच पथारी टाकून बसलेला असायचा. रत्नागिरीचा माणूस लालबाग-परळच्या गाळ्यात उतरायचा. तिथे एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे सगळे एकाच तालुक्यातले, बहुतेक एकाच वाडीतले आणि पुष्कळदा एकाच आडनावाचे. दिवसपाळीवाला उठला की त्याच्या ऊबदार वाकळेवर रातपाळीवाला आडवा व्हायचा. गोव्याहून बोटीवरची नोकरी शोधायला आलेला ख्रिस्ती माणूस धोबीतलावच्या कुडात उतरायचा. गावागावाचा कूड वेगळा, त्यामुळे शेजारच्या गावचा माणूस शेजारच्या कुडात. पालघाटचा टायपिस्ट पेटी घेऊन थेट माटुंग्याला. शेजारी आपल्यातला असावा, त्याच्या फोडणीचा वास ओळखीचा असावा आणि त्याच्याशी वाजलंच तर गावी पत्र टाकून ते मिटवता यावं, एवढीच अपेक्षा. शंभर-सव्वाशे वर्षं हे शहर याच एका निकषावर वसत गेलं.

त्यामुळे माझ्या भाच्याने इचलकरंजीहून फोन करून ‘‘मामा, मला मुंबईत डायव्हर्स नेबरहुड बघायचंय, पण अफोर्डेबल,’’ असं सांगितलं, तेव्हा मी फोन कानापासून लांब धरून नंबर त्याचाच आहे ना, हे पाहून घेतलं.

भाच्याला लोअर परळला नोकरी लागली होती. ऑफिस ज्या आवारात आहे तिथे पूर्वी कापडाची गिरणी होती आणि नावात अजूनही ‘मिल्स’ आहे. माझ्या आईला, म्हणजे त्याच्या आजीला, त्यातलं ‘मिल’ तेवढं ऐकू आलं. ‘‘कुठल्या खात्यात लागला? साचेखात्यात का?’’ तिने समाधानाने विचारलं. तो डेटाच्या खात्यात लागलाय हे आम्ही तिला समजावलं, तेव्हा ती म्हणाली, ‘‘असू दे. पगार वेळेवर होतो ना?’’

भाच्याने येण्याआधी अभ्यास केला होता. त्याच्या लॅपटॉपवर एक तक्ता होता. त्यात मुंबईतले भाग उभे आणि पाच रकाने आडवे: वैविध्य, वाहतूक, हिरवळ, खाणं आणि भाडं. प्रत्येकाला दहापैकी गुण. वैविध्य म्हणजे नक्की काय, असं मी विचारल्यावर त्याने सांगितलं, की निरनिराळ्या भाषांची, धर्मांची, थरांची माणसं एकत्र राहिली की आपला दृष्टिकोन रुंदावतो. आमच्या घरात बसून दृष्टिकोन रुंदावण्याची गोष्ट त्याने काढली त्या वेळी तो खुर्चीवर होता, मी पलंगावर आणि ही ओट्यापाशी, आणि तिघांपैकी एकाला हलायचं तर दुसऱ्याने आधी पाय वर घ्यायला लागायचे. माटुंग्याला चार रकान्यांत मिळून चाळीसपैकी अडतीस गुण पडले होते. भाड्याचा रकाना अजून कोरा होता.

चाळीसपैकी दोन गुण रेल्वेने कापले असावेत. नवख्या माणसाची पहिली परीक्षा इथे रेल्वेच घेते. माटुंगा हे स्टेशन मध्य रेल्वेवर, माटुंगा रोड पश्चिम रेल्वेवर आणि किंग्ज सर्कल हार्बरवर. तिन्ही हाकेच्या अंतरावर असून एकमेकांना ओळख देत नाहीत. भाचा दादरला उतरला, समोर आली ती लोकल पकडली आणि ‘‘मामा, स्टेशनाबाहेर उभा हाय, तुम्ही कुठंयसा?’’ म्हणून फोन केला. मीही स्टेशनाबाहेरच उभा होतो. आमच्या दोघांमध्ये दोन रेल्वेंचे रूळ होते आणि वर्कशॉप होतं. तो माझ्यापर्यंत पोचला तेव्हा दृष्टिकोन बराच रुंदावला होता, चेहरा मात्र लांब झाला होता. स्टेशनात शिरल्यावर मी त्याला सांगितलं, की २०१७ सालापासून हे स्टेशन सगळं बायका चालवतात. स्टेशन मॅनेजरपासून तिकीट तपासनिसापर्यंत सगळ्या बाया असलेलं हे देशातलं पहिलं स्टेशन. त्याने तिथेच उभं राहून वैविध्याचा अर्धा गुण वाढवला. मागून तिकीट विचारलं गेलं तेव्हा मात्र ‘‘काढतो मॅडम, काढतो,’’ म्हणत खिसे चाचपायला लागला.

माटुंग्यात पाऊल टाकलेल्या कोणालाही हा भाग आवडतोच. झाडं आहेत, फुटपाथ आहेत आणि फुटपाथावरून चालता येतं, म्हणजे मुंबईत निम्मी चैन झाली. रस्त्यांच्या पाट्या वाचत गेलं तर भाऊ दाजी, तेलंग, भांडारकर, चंदावरकर असे एकोणिसाव्या शतकातले एकेक विद्वान कोपऱ्याकोपऱ्यावर उभे दिसतात. खाली विद्वत्तेशी कोणाचा काही संबंध नाही. फुलवाले तमिळ पद्धतीचे जाडजूड हार गुंफत असतात. केळीची पानं, केळफूल, कोहळा आणि सांबाराचे बारके कांदे यांच्या ढिगामागचा भय्या गुजराती बाईला भाव हिंदीत सांगतो आणि त्या बाई तो तमिळमध्ये पाडून मागतात. कच्छी वाण्याच्या दुकानात फिल्टर कॉफीची पूड आणि खाखरे एकाच फळीवर. कॅफे मद्रास १९४० सालचं, पण चालवणारे कामत, म्हणजे मद्रासशी संबंध पाटीपुरता. बाहेर रविवारी सकाळी नाव लिहून ताटकळणारे निम्मे लोक गुजराती आणि उरलेल्यांत निम्मे आम्ही.

‘‘मामा, हे तर पुस्तकातल्यासारखं डायव्हर्स आहे!’’ भाचा म्हणाला.

तो रस्त्यावर उभा होता, तोवर त्याचं म्हणणं बरोबर होतं. इमारतीत शिरल्यावर हिशेब बदलतो.

माटुंग्याच्या वैविध्याची सुरुवात उंदरापासून होते. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. माणसं पटापट मरायला लागली, गिरण्या ओस पडल्या आणि शहर फार दाटलंय हे सरकारच्या ध्यानात आलं. १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. रुंद रस्ते, खेळती हवा, आखीव प्लॉट असा त्याचा नकाशा. त्यात दादर, माटुंगा, शीव इथली मोकळी जमीन आखली गेली. आता, मोकळी जमीन दिसली की आपल्याकडे पहिला विचार येतो तो ‘आपल्या लोकांसाठी’ ती धरून ठेवायचा. मंचेरजी जोशी नावाचे इंजिनियर ट्रस्टच्या मागे लागले आणि त्यांनी आपल्या समाजासाठी प्लॉट बाजूला काढून घेतले. आडनावावर जाऊ नका, जोशी पारशी होते. तीच ती दादर पारशी कॉलनी, जिच्या पोटात पाच बागा आहेत. तिच्या शेजारी हिंदू कॉलनी. वर किंग्ज सर्कलकडे दक्षिणेकडून आलेले नोकरदार. आर. पी. मसानी रोडवर पंजाबी, आणि त्यांतही पृथ्वीराज कपूर आणि सैगल यांच्यासारखे सिनेमावाले. मग कच्छी आणि गुजराती व्यापारी.

म्हणजे वैविध्य हवं म्हणून इथे कोणीच आलं नाही. जो तो आपल्यासारख्यांच्या शेजारी राहायला आला. फक्त मुंबईत जागा इतकी कमी, की आपल्यासारख्यांचा प्लॉट संपतो तिथेच दुसऱ्यांसारख्यांचा सुरू होतो. वैविध्य आहे ते दोन इमारतींच्या मधल्या गल्लीत. इमारतीच्या आत सगळं एकाच कुकरात शिजलेलं.

निखिल राव यांचं ‘हाऊस, बट नो गार्डन’ नावाचं पुस्तक २०१३ साली निघालं. मुंबईत फ्लॅट नावाची वस्तू कशी रुजली, हे त्यांनी दादर-माटुंग्यावरून दाखवलं आहे. संडास घराच्या आत येणं, ही त्यातली मोठी घटना. सोवळं पाळणाऱ्या घरांनी जिथे देव तिथेच दोन भिंती सोडून संडास हे मान्य केलं, तेव्हा फ्लॅट मान्य झाला. दुसरी गंमत अशी, की तंजावर, पालघाट, म्हैसूर, मंगळूर इथून आलेली माणसं गावी असताना एकमेकांना परकी समजत. माटुंग्यात ती सगळी मिळून ‘साउथ इंडियन’ झाली. हे भाच्याला सांगितलं तेव्हा त्याला पटेना. मी म्हटलं, ‘‘तुला इचलकरंजीत कोण म्हणतात?’’ त्याने आडनाव, भावकी, गल्ली असं सगळं सांगितलं. मी म्हटलं, ‘‘इथे समोरच्या इमारतीत तुला फक्त महाराष्ट्रीयन म्हणतील. आणि त्यांना वाटेल तू श्रीखंड रोज खातोस.’’

आमची इमारत त्यातल्या त्यात सर्वसमावेशक. तळमजल्यावर कच्छी, मधल्या मजल्यावर तमिळ आणि वर आम्ही. पंप कोणी चालू ठेवला यावरून भांडण तीन भाषांत सुरू होतं आणि ऐन रंगात आलं की हिंदीत होतं, कारण तीत सगळ्यांचंच व्याकरण कच्चं असल्याने कोणाला वरचष्मा मिळत नाही.

आता भाड्याचा रकाना. भाच्याने आमचं भाडं विचारलं. मी सांगितलं. त्याला वाटलं, मी दिवसाचं सांगतोय. आमची जागा पागडीची. १९४७ च्या भाडे कायद्याने मुंबईतली भाडी १ सप्टेंबर १९४० च्या आकड्यांशी बांधली आणि जुन्या भाडेकरूंची भाडी त्यानंतर हलली ती गोगलगायीलाही लाज वाटेल अशा बेताने. १९९९ चा नवा कायदा आला, त्याने पागडीलाही मान्यता दिली आणि वर्षाला चार टक्के वाढ ठरवली. चार टक्के मोठी वाटते, पण कशाच्या चार टक्के ते पाहायला हवं. मालक भाडं न्यायला टॅक्सीने आला तर त्याला घाटा होतो, म्हणून तो चालत येतो. जिना दुरुस्त कोणी करायचा हा आमच्यातला जुना वाद. मालक म्हणतो, या भाड्यात एक पायरी होणार नाही. आम्ही म्हणतो, जिना तुमच्या मालकीचा आहे. दोघांचं म्हणणं बरोबर असल्याने जिना तसाच आहे.

आजोबा १९३८ साली रत्नागिरीहून आले आणि रेल्वेत चिकटले. माटुंगा त्यांना परवडत होतं कारण तेव्हा ते गावाबाहेर होतं आणि इतक्या लांब कोण राहायला जाणार, असं गिरगावातले नातेवाईक म्हणत होते. म्हणजे माटुंगा परवडतं. फक्त तुमच्या आजोबांनी वेळेवर येऊन ठेवलेलं असावं लागतं. भाच्याचे आजोबा त्या वेळी इचलकरंजीत माग टाकत होते. दूरदृष्टी नाही, दुसरं काय!

मग इस्टेट एजंट आला. पांढरा शर्ट, दोन फोन, आणि दोन्हींवर एकाच वेळी ‘पाच मिनिटात पोचतो’ असं सांगण्याची हातोटी. एजंटांचा भूगोल वेगळा असतो. वडाळा म्हणजे ‘माटुंगा साइड’. अँटॉप हिल म्हणजे ‘माटुंगा ईस्टच, फक्त थोडं ईस्टला’. माहीमची हद्द संपत नाही तोवर ‘माटुंगा वेस्ट’. रेल्वेच्या पलीकडे धारावीच्या कडेला लागून खरोखरीच्या माटुंग्याचा लेबर कॅम्प आहे. वाटेगावाहून मुंबईला पायी आलेल्या घरातले अण्णा भाऊ साठे उमेदवारीच्या काळात तिथे राहिले आणि तिथल्या कामगारांत त्यांची शाहिरी उभी राहिली. पण नावात माटुंगा असूनही एजंटच्या नकाशात तो भाग माटुंगा नसतो. बाकी कुठलाही भाग असू शकतो.

पहिली जागा ‘वन आरके, स्टेशनपासून पाच मिनिटं’ होती. पाच मिनिटं धावणाऱ्याची होती. बाल्कनी आत घेतली होती म्हणून ‘प्रशस्त हॉल’, आणि ओटा त्याच हॉलमध्ये असल्याने ‘ओपन किचन’. मोरीला सरकतं दार लावून बाथरूम केलं होतं. ते दार उघडलं की फ्रिज उघडत नव्हता. भाच्याने फोनमधल्या अ‍ॅपने खोली मोजली. एजंटने सांगितलेल्यापेक्षा ती बरीच कमी भरली.

‘‘भिंती धरल्यात का?’’ एजंटने विचारलं.

‘‘भिंतीत मी राहणार नाही,’’ भाचा म्हणाला.

‘‘पण टेकणार तर ना?’’

भाडं ऐकून भाच्याने लॅपटॉप उघडला. त्याच्या तक्त्याप्रमाणे भाडं पगाराच्या तिसऱ्या हिश्श्यात बसायला हवं होतं. इथे पगार भाड्याच्या दोन तृतीयांशात बसत होता. शिवाय डिपॉझिट, शिवाय एजंटचं एक महिन्याचं भाडं, शिवाय लीव्ह अँड लायसन्सचा करार अकरा महिन्यांचा, म्हणजे पडदे लावून होतात न होतात तोच पुन्हा खोके बांधायचे.

आणि पैसे असले तरी भागत नाही. मुंबईत घर बघायला जाणं म्हणजे घराने आपल्याला बघणं. एका सोसायटीत तीन जणांची समिती समोर बसली. एकाने पूर्ण नाव विचारलं. भाच्याने स्वतःचं आणि वडिलांचं सांगितलं. ‘‘पूर्ण, पूर्ण,’’ ते म्हणाले. आडनाव ऐकल्यावर त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. त्या एका शब्दावरून जात, ताट आणि सणवार यांचा हिशेब चालला होता.

‘‘व्हेज की नॉनव्हेज?’’

‘‘सोमवार, गुरुवार, शनिवार व्हेज,’’ भाचा अभिमानाने म्हणाला. कोल्हापूरकडच्या माणसाने तीन वार सोडणं म्हणजे किती मोठा त्याग आहे, हे त्या समितीला कळण्यातलं नव्हतं.

‘‘मॅरिड?’’

‘‘नाही.’’

‘‘बॅचलरना देत नाही. लग्न कधी करणार?’’

‘‘मुलीकडचे म्हणतात, आधी मुंबईत घर दाखव.’’

‘‘बरोबर आहे त्यांचं,’’ समिती म्हणाली. ‘‘मग लग्न झालं की या.’’

भाचा हसत बाहेर आला. त्याला हसता आलं, कारण त्याचं आडनाव दुसऱ्या एखाद्या सोसायटीत चालणार होतं. काही आडनावांना फोनवरच सांगितलं जातं, की जागा कालच गेली. ज्यांच्या बाबतीत जागा रोज कालच जाते, त्यांच्या तक्त्यात वैविध्याचा रकाना नसतो. या भागात हा विषय काढायचा तर हिंदू कॉलनीतल्या राजगृहाचं नाव घ्यावंच लागतं. परदेशातल्या पदव्या घेऊन आलेल्या बाबासाहेबांना १९१७ साली बडोद्यात राहायला जागा मिळाली नव्हती. पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहावं लागलं आणि तिथूनही बाहेर काढलं गेलं. पुढे परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत दोन खोल्यांत त्यांनी वर्षानुवर्षं काढली. मग १९३० च्या दशकात त्यांनी घर बांधलं तेच मुळात पुस्तकांची सोय पाहून. आता त्या रस्त्यावरून जाणाऱ्याला कोणी पूर्ण नाव विचारत नाही. आसपासच्या जिन्यांवर मात्र अजून विचारतात.

दुपारी भाच्याला जेवायला नेलं. रामा नायकांचं उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ सालचं, स्टेशनसमोरच्या मंडईच्या इमारतीत वरच्या मजल्यावर. नावातलं ‘बोर्डिंग’ ही जुन्या सडेफटिंग टायपिस्टांची आठवण. खोली एकाची, खोलीत पाच जण, आणि जेवण मेसमध्ये. इथे कुठे बसायचं हे आपण ठरवत नाही. पान जिथे रिकामं होईल तिथे आपण. आमच्या टेबलावर एक गुजराती हिशेबनीस होते, एक व्हीजेटीआयमधला पोरगा होता आणि एक तमिळ आजोबा. वाढप्याने केळीचं पान टाकलं आणि भाच्याने सवयीने आधी रसम ओढलं.

‘‘आधी सांबार,’’ आजोबा स्वच्छ मराठीत म्हणाले. ‘‘मग रसम. मग ताक-भात. तुमच्याकडे पांढरा रस्सा आधी की तांबडा?’’

भाचा गारच झाला. ‘‘तुम्ही कुठले, आजोबा?’’

‘‘माटुंग्याचा. मूळ पालघाट.’’

‘‘पालघर? मग जवळच की. लोकल जाते.’’

आजोबांनी क्षणभर विचार केला. ‘‘जाते,’’ ते म्हणाले. ‘‘जरा लांबची आहे.’’

हिशेबनीसांनी न विचारता त्याला एक एजंट सुचवला. पोराने सांगितलं, की हॉस्टेल मिळालं नाही म्हणून तो एका आजींकडे पेइंग गेस्ट आहे; आजी रात्री दहाला दार लावतात आणि कांदा आणला तर वासावरून ओळखतात. आजोबांचा मुलगा न्यू जर्सीत. त्याने तिकडे घर घेतलं ते कुठे? ‘‘एडिसनला. सगळे आपले लोक आहेत. देऊळ आहे, इडलीचं पीठ मिळतं.’’ आजोबांच्या वडिलांनी जे माटुंग्यात केलं, तेच नातवाने अटलांटिक ओलांडून केलं होतं. भाच्याने पान पुसून खाल्लं आणि टोकनचे पैसे काढता काढता म्हणाला, ‘‘मामा, असली माणसं एका बिल्डिंगमध्ये का मिळत नाहीत?’’

कारण सरळ आहे. टेबलावर अर्धा तास काढायचा असतो. पाण्याच्या टाकीवर जन्म काढायचा असतो.

परतताना किंग्ज सर्कलवरून आलो. जीएसबी सेवा मंडळाचा गणपती इथला. सोन्या-चांदीने मढलेली मूर्ती पाच दिवस बसते, आणि २०२४ साली त्या उत्सवाचा विमा ४०० कोटींच्या वर उतरवला होता. भाच्याने तो आकडा फोनवर पडताळून पाहिला. ‘‘इथे पाच दिवस राहायला चारशे कोटी लागतात होय,’’ तो म्हणाला, ‘‘मग अकरा महिन्यांचं भाडं बरोबर लावलंय.’’ त्या संध्याकाळी त्याने भाड्याचा रकाना अखेर भरला. दहापैकी शून्य. बाकीचे अडतीस आणि वरचा अर्धा गुण तसेच ठेवले.

जागा मिळाली ती शीव कोळीवाड्यात, म्हणजे आताच्या गुरू तेगबहादूर नगरात. माटुंग्याहून चालत जाता येतं, पण एजंट तिथे चालत नेत नाहीत. तिथले मूळचे कोळी. फाळणीनंतर पंजाबी आणि सिंधी निर्वासितांना तिथे वसवलं गेलं. मग तमिळ आले, मग घाटावरचे आणि कोकणातले, मग ज्यांना माटुंगा झेपलं नाही असे सगळे. कोळ्यांची कोळंबी आणि पंजाब्यांचं बेसन एकत्र कढईत पडून कोळंबी कोळीवाडा इथेच झाली, असं सांगतात. शीव ते कोलंबस कुठेही हॉटेलात बसा, मेनूकार्डावर या वस्तीचं नाव असतं. वस्तीचं वैविध्य जगभर तळून विकलं जातंय आणि तिथल्या खोल्या मात्र त्यातल्या त्यात आवाक्यात. तक्त्यात या भागाची ओळच नव्हती. ‘‘वेबसाइटवर नाव नव्हतं,’’ भाचा म्हणाला.

खोली तिघांत. एक कोइमतूरचा, एक नांदेडचा आणि हा. घरमालकीण पंजाबी; वरच्या मजल्यावर कोळीण मावशी, ज्यांनी पहिल्याच रविवारी वाटीभर सुकटाची चटणी खाली पाठवली आणि वाटी रिकामी परत आणू नये, एवढंच बजावलं. भाडं पगाराच्या तिसऱ्या हिश्श्याच्याही खाली आलं. माझी बहीण इचलकरंजीहून पाहायला आली, खोली पाहून गप्प झाली, मग गॅलरीत जाऊन म्हणाली, ‘‘शेजार चांगला आहे म्हणायचा.’’ मुंबईत राहत्या जागेबद्दल याहून मोठी स्तुती मी ऐकलेली नाही.

पुढे कोइमतूरवाल्याची बदली झाली आणि तिसरी कॉट रिकामी झाली. भाच्याने फोन केला. उमेदवार बघायला येत होते आणि हे दोघे त्यांच्या मुलाखती घेत होते.

‘‘कालचा मुलगा बरा होता,’’ मी म्हटलं. त्याला मीच पाठवला होता. ‘‘त्याचं काय झालं?’’

‘‘नाही जमलं मामा. माणूस चांगलाय. पण आपल्यातला नाही वाटला.’’

मी चमकलो. हाच तो दृष्टिकोन रुंदावणारा भाचा. ‘‘आपल्यातला म्हणजे? भाषा?’’

‘‘छे! भाषेचं काय?’’

‘‘जात? खाणं?’’

‘‘काहीतरीच काय, मामा! खातो की सगळं.’’ तो आवाज खाली आणून म्हणाला, ‘‘आंघोळ आठ वाजता करतो म्हणाला. पाणी सव्वासहाला जातं. आम्ही सगळे साडेपाचवाले आहोत.’’